पाटी कुणाची, डिझेल कुणाचं?

नव्या डिझेल गाडीसोबत मिळणाऱ्या जाडजूड माहितीपुस्तिकेत टायरमध्ये हवा किती ठेवायची आणि इंजिन ऑइल कुठल्या ग्रेडचं टाकायचं, हे बारकाईनं दिलेलं असतं. डिझेल कुठल्या कंपनीचं भरायचं, याबद्दल मात्र पुस्तिका गप्प असते. 'बीएस-६ दर्जाचं डिझेल वापरा' एवढंच ती सांगते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ही उणीव भरून काढणारे पुष्कळ भेटतात. इथल्या प्रत्येक सोसायटीत कुणी प्रेस शॉपमध्ये असतो, कुणी व्हेंडरकडे क्वालिटीत, कुणी ट्रान्सपोर्टमध्ये, आणि प्रत्येकाचं मत ठाम असतं. एक सांगतो, 'या कंपनीचं भरा, पिकअप वाढतो.' दुसरा सांगतो, 'त्या कंपनीचं घेऊच नका, इंजेक्टर जातात.' तिसरा एकाच पंपाचं नाव घेतो आणि तिथल्याशिवाय डिझेल भरत नाही.

प्रश्न पूर्वीपेक्षा महाग झाला आहे, हेही खरं. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगन-स्कोडानं आणि मारुतीनं २०२० मध्ये भारतातल्या आपल्या डिझेल गाड्या बंद केल्या. लहान डिझेल गाडी जवळपास नाहीशी झाली. आज जो डिझेल घेतो तो बहुधा चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन, नाहीतर पिंपरीत बनणारी हॅरियर किंवा सफारी अशी मोठी गाडी घेतो. या गाड्यांची इंधनयंत्रणा नाजूक असते आणि तिची दुरुस्ती खिशाला जाणवते.

या प्रकरणाचं म्हणणं थोडक्यात असं: पाटीवरच्या नावापेक्षा पंप महत्त्वाचा, आणि पंपाइतकाच महत्त्वाचा तुमचा रोजचा रस्ता.

लोणीहून निघालेला टँकर

आपल्या भागातल्या डिझेलचा माग काढत गेलं, तर बहुतेक वाटा लोणी काळभोरला पोहोचतात. सोलापूर रस्त्यावरच्या या गावात इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्यांचे साठे आहेत. मुंबईहून निघणारी हिंदुस्तान पेट्रोलियमची पाइपलाइन लोणीवरून पुढे सोलापूरकडे जाते. या पाइपमधून पेट्रोल, डिझेल आणि इतर इंधनं एकामागून एक सोडली जातात. दोन इंधनांच्या सीमेवर जो थोडा मिसळलेला भाग तयार होतो, तो वेगळा काढला जातो.

पाइपच्या दुसऱ्या टोकाला मुंबईतलं माहूल आहे. तिथे दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक १९५० च्या दशकात एस्सोनं उभारली, दुसरी बर्मा-शेलनं. १९७० च्या दशकात दोन्ही सरकारच्या ताब्यात आल्या आणि त्यांच्या हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम झाल्या. आज ज्या दोन पाट्या रस्त्याच्या दोन बाजूंना स्पर्धक म्हणून उभ्या दिसतात, त्यांच्या रिफायनऱ्यांच्या चिमण्या एकमेकींना दिसतील इतक्या जवळ आहेत.

शिवाय तेल कंपन्या आपसांत मालाची देवाणघेवाण करतात. एका कंपनीची रिफायनरी जिथे जवळ नाही, तिथे ती दुसरीकडून डिझेल उचलते आणि दुसऱ्या भागात त्याची परतफेड करते. शेकडो किलोमीटर टँकर पळवण्यापेक्षा हे दोघांनाही स्वस्त पडतं. खाजगी कंपन्यांची गोष्टही फार वेगळी नाही. नायराची रिफायनरी गुजरातेत वाडीनारला आहे, जिओ-बीपीमधल्या रिलायन्सची जामनगरला. शेलची तर भारतात स्वतःची रिफायनरीच नाही. म्हणजे पाटीवर ज्याचं नाव आहे त्यानंच ते डिझेल गाळलं असेल, असं समजण्याचं कारण नाही.

गाव बदललं की डिझेल बदलायचं

इतक्या ठिकाणांहून येऊनही सगळं डिझेल सारखं कसं, तर ते एकाच मापानं मोजलं जातं म्हणून. भारतीय मानक ब्युरोचं 'आयएस १४६०' हे ते माप. सरकारी असो की खाजगी, भारतात विकलं जाणारं वाहनांचं डिझेल या मानकात बसावंच लागतं. त्यातल्या तीन-चार गोष्टी गाडीवाल्याला माहीत असाव्यात.

पहिली गंधक. बीएस-२ च्या काळात डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भाग गंधक चालायचं. बीएस-३ मध्ये ते ३५० झालं, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १०. हे बदल देशभर एकाच दिवशी झाले नाहीत. १ एप्रिल २०१० ला बीएस-४ इंधन आलं ते तेरा शहरांत. त्यांत पुणे होतं, सोलापूरही होतं. बाकी महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात बीएस-३ च मिळायचं. त्या काळात कुठल्या कंपनीचं डिझेल भरता यापेक्षा कुठल्या गावात भरता, याला जास्त अर्थ होता. पुण्यात ५० गंधकाचं डिझेल भरून निघालेली गाडी दूरच्या तालुक्यात गेली की ३५० वालं डिझेल पिऊन यायची. २०१७ मध्ये बीएस-४ देशभर झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. तेव्हापासून हा फरक मिटला आहे. पण 'बाहेरगावचं डिझेल घालू नका' हा जुना सल्ला अजून फिरतो, त्याचं मूळ इथे असू शकतं.

दुसरी गोष्ट सिटेन. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबलेल्या गरम हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. किती लवकर पेटतं, ते सिटेन आकडा सांगतो. मानकानुसार तो किमान ५१ हवा. सिटेन जास्त असलं तर थंडीत सकाळी इंजिन सहज सुरू होतं आणि खडखडाट कमी होतो.

तिसरी गोष्ट वंगणशक्ती. गाडीतल्या हाय-प्रेशर इंधनपंपाच्या आतल्या भागांना वेगळं वंगण नसतं. डिझेलच त्यांचं वंगण. गंधक काढताना डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडननं अगदी कमी गंधकाचं डिझेल आणलं, तेव्हा तिथल्या गाड्यांचे इंधनपंप झिजू लागले आणि हा धडा जगाला मिळाला. म्हणून आता साध्या डिझेलमध्येसुद्धा वंगणशक्ती वाढवणारा घटक मिसळलेला असतो, आणि धातूवर धातू घासून पडणारा ओरखडा ४६० मायक्रॉनच्या आत राहतो की नाही हे तपासलं जातं.

चौथी गोष्ट पाणी. एक किलो डिझेलमध्ये जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम, म्हणजे काही थेंब. या चौथ्या गोष्टीकडे पुन्हा यायचं आहे, कारण रिफायनरीतून निघालेलं डिझेल बिघडतं ते बहुधा इथेच.

मग ब्रँड म्हणजे काय?

टँकर भरताना किंवा त्याच्या आसपास कंपन्या डिझेलमध्ये आपापलं रासायनिक मिश्रण घालतात. ब्रँडचा फरक तो एवढा. वरण एकच, फोडणी वेगळी. इंडियन ऑइलचं एक्स्ट्राग्रीन, हिंदुस्तान पेट्रोलियमचं टर्बोजेट, शेलचं व्ही-पॉवर ही त्या फोडणीची नावं.

त्यात मुख्य घटक असतो डिटर्जंट, म्हणजे साफ ठेवणारं रसायन. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १६०० ते २००० बार आणि त्याहून जास्त दाबानं फवारलं जातं. इंजेक्टरच्या तोंडाची भोकं केसाएवढी बारीक असतात आणि आतल्या सुईभोवतीची फट काही मायक्रॉनची. अशा नोझल आपल्याच नाशकात, बॉशच्या कारखान्यात बनतात. भोकांच्या कडेला कार्बनचा थर बसला की फवारा वाकडा होतो, धूर वाढतो, ताकद घटते. डिटर्जंट हा थर बसू देत नाही किंवा बसलेला सोडवतो. युरोपात हे तपासण्यासाठी प्यूजोच्या डीडब्ल्यू-१० इंजिनावर ठरलेली चाचणी घेतात. डिझेलमध्ये मुद्दाम जस्ताचं संयुग घालून नोझल लवकर घाण होऊ देतात आणि मग ताकद किती टक्के घटली ते मोजतात. म्हणजे डिटर्जंट ही नुसती जाहिरातबाजी नाही. त्याचं काम प्रयोगशाळेत दिसतं. सिटेन वाढवणारं रसायन, गंज रोखणारं रसायन, पाणी वेगळं पाडणारं रसायन आणि भरताना फेस कमी करणारं रसायन हे फोडणीतले बाकीचे जिन्नस.

पेट्रोलच्या प्रीमियम प्रकाराशी याची गल्लत होते. पेट्रोलमध्ये ९५ किंवा १०० ऑक्टेन असा ठसठशीत आकडा पंपावर लिहिलेला असतो आणि काही इंजिनांना तो लागतोच. डिझेलच्या बाबतीत बाजारात अशी पायरी नाही. साध्या बीएस-६ डिझेलवर चालण्यासाठीच तुमचं इंजिन बनवलेलं आहे. गाडीच्या ॲव्हरेजचा जो आकडा शोरूममध्ये सांगतात, तोही पुण्याच्या कोथरूडमधल्या एआरएआयसारख्या संस्थेत ठरलेल्या मानकाच्या इंधनावर मोजलेला असतो. कुठल्या एका पंपाच्या खास डिझेलवर नव्हे.

चार रुपयांचा हिशोब

कंपन्यांचे दावे आकड्यांत असतात. जिओ-बीपीनं २०२३ मध्ये आपल्या डिझेलनं ४.३ टक्क्यांपर्यंत इंधन वाचतं असं जाहीर केलं, आणि तेही जास्त पैसे न घेता. इतर कंपन्या प्रीमियम डिझेलला लिटरमागे वेगळा दर लावतात. तो देणं परवडतं का, हे पाहायला साधं गणित पुरतं.

समजा, साधं डिझेल ९० रुपये लिटर आहे आणि प्रीमियम ९४. चार रुपये वसूल व्हायचे तर ॲव्हरेज जवळपास साडेचार टक्क्यांनी वाढलं पाहिजे. गाडी साध्या डिझेलवर लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर प्रीमियमवर तिनं साधारण १५.७ दिलं पाहिजे. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला सुमारे ६७ लिटर लागतात. फायदा काहीच झाला नाही, तर महिन्याला २७० रुपयांच्या आसपास जास्तीचे जातात. रक्कम मोठी नाही, पण इंजेक्टरच्या विम्याचा हप्ता म्हणून ती भरायची असेल तर डोळे उघडे ठेवून भरावी.

'मला तर फरक जाणवतो' असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा मोजमापाची अडचण पाहू. आपण टाकी फुल्ल करतो, नोझल कट होते, आकडा लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करून भागाकार करतो. पण नोझल कधी लवकर कट होते, कधी उशिरा. पंपाची जागा उतारावर असेल, भरणाऱ्यानं कट झाल्यावर आणखी दोनदा दाबलं असेल, तर लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो. पन्नास लिटरच्या टाकीत तो दोन-तीन टक्के होतो. म्हणजे जो फायदा शोधायचा आहे, जवळजवळ तेवढीच चूक एका टाकीच्या मोजणीत दडलेली असते. त्यात चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला एक तास किंवा एसीचा मे महिना मिसळला की कुठलाही निष्कर्ष काढता येतो. खरंच तपासायचं असेल तर एकच पंप, एकच नोझल, पहिला कट झाला की थांबायचं, रोजचा तोच रस्ता, आणि आधी सलग चार-पाच टाक्या साध्या डिझेलच्या, मग तेवढ्याच प्रीमियमच्या. एवढा धीर नसेल तर 'जाणवतं' या शब्दावर पैसे लावू नयेत.

पंप पाहा

डिझेल लोणीहून निघताना चांगलं असतं. पुढे बिघडतं ते पाण्यानं, घाणीनं किंवा माणसानं.

पाणी जमिनीखालच्या टाकीत शिरतं. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून झिरपतं, रात्री गार हवेत वाफेचं पाणी होऊन साचतं. पाणी जड असल्यानं तळाशी बसतं. ज्या पंपावर दिवसभर गाड्यांची रांग असते, तिथे टाकी वारंवार रिकामी होऊन भरते आणि माल पडून राहत नाही. ज्या पंपावर तास-तास कुणी फिरकत नाही, तिथलं डिझेल जुनं होतं. म्हणून वर्दळीचा पंप हा पहिला निकष. भोसरी-मोशीकडून चाकणला जाणारा रस्ता, निगडी, जुना मुंबई-पुणे रस्ता, तळेगाव-चाकण रस्ता या सगळ्यांवर ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्यांमुळे डिझेलचा खप मोठा आहे. वर्दळीचा पंप शोधायला लांब जावं लागत नाही. टँकर टाकीत रिकामा होत असताना मात्र डिझेल भरू नये, कारण तळाचा गाळ ढवळला जातो.

भेसळीचा इतिहास महाराष्ट्राला चांगलाच माहीत आहे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला, जिथे तेल कंपन्यांचे साठे आहेत तिथेच, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना तेलमाफियांनी जाळून मारलं. टँकरमधून होणारी चोरी आणि भेसळ त्यांनी जागेवर पकडली होती. त्या काळात अनुदानाचं रॉकेल आणि डिझेल यांच्या किमतीत मोठं अंतर होतं आणि तेच अंतर भेसळीला पैसे पुरवत होतं. आता रेशनचं रॉकेल फारच कमी उरलं आहे, त्यामुळे तो धंदा आटला. संपला असं नाही. अलीकडे 'बायोडिझेल' या नावाखाली भलतीच औद्योगिक तेलं खपवण्याचे प्रकार उघड झाले आहेत. स्वस्तात मिळतं म्हणून ट्रकवाले तिकडे वळतात. नव्या गाडीच्या मालकानं त्या वाटेला जाऊ नये.

ग्राहक म्हणून तुमच्या हातात काय आहे? पंपावर हायड्रोमीटर, तापमापक आणि पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवणं बंधनकारक आहे, आणि तुम्ही मागितलं तर तपासून दाखवावं लागतं. टँकरच्या चलनावर डिझेलची १५ अंश तापमानाला असलेली घनता लिहिलेली असते. पंपावरची घनता तिच्यापेक्षा घनमीटरला तीन किलोहून जास्त फरकाची नसावी. या तपासणीची मर्यादाही समजून घ्या. डिझेलची घनता ८३० आणि रॉकेलची ७९५ धरली, तर दहा टक्के रॉकेल मिसळल्यावर घनता साडेतीननं घटते, म्हणजे भेसळ जेमतेम सापडते. पाच टक्के मिसळलं तर निसटते. फिल्टर पेपरची चाचणी तर पेट्रोलसाठी आहे, डिझेलला तिचा उपयोग नाही.

क्लब एचपी, प्युअर फॉर शुअर, एक्स्ट्राकेअर अशी नावं काही पंपांवर दिसतात. ती इंधनाची नव्हेत, पंपाच्या शिस्तीची आहेत. कंपनी अशा पंपांची जास्त तपासणी करते. कंपनी स्वतः चालवते तो 'कोको' पंप जवळ असेल तर तोही चांगला पर्याय. आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. पुढे इंजेक्टर गेलाच, तर वॉरंटीच्या वेळी पहिला प्रश्न डिझेलबद्दलच निघतो. भेसळीच्या इंधनामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. पावत्या एकाच पंपाच्या असतील तर तुमची बाजू मांडता येते.

घरपोच डिझेलचीही इथे सोय आहे. इंडियन ऑइलनं मार्च २०१८ मध्ये ही सेवा सुरू केली ती पुण्यातच, आणि अशा फिरत्या पंपांच्या क्षेत्रातली रेपोस ही कंपनीही पुण्याचीच. ती सोय मुख्यतः कारखान्यांच्या जनरेटरसाठी आहे. कारखान्यातल्या पिंपातलं डिझेल आपल्या गाडीत ओतण्याचा मोह मात्र टाळावा. ते पिंप किती दिवस उघडं होतं, कुणाला ठाऊक.

दोष डिझेलचा की रस्त्याचा?

बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल फवारून धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. या कामासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका चालीनं धावावी लागते. निगडीहून चाकणला जाणाऱ्या माणसाला तेवढा मोकळा रस्ता कुठे मिळतो? मोशी, चिंबळी फाटा, आळंदी फाटा, चाकण चौक. दर दोन-तीन किलोमीटरला थांबा. जाळणं अर्ध्यात थांबतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं. त्यात डिझेल जास्त जातं, ॲव्हरेज पडतं, न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते, आणि एक दिवस डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मालक म्हणतो, 'मागच्या आठवड्यात त्या पंपावर भरलं तेव्हापासून.' पंप बदलतो. दिवा पुन्हा लागतो.

यावर कुठलंच प्रीमियम डिझेल उपाय नाही. उपाय आहे तो आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा द्रुतगती मार्गानं लोणावळ्यापर्यंत किंवा राजगुरुनगरच्या पुढे नारायणगावपर्यंत गाडी एका वेगात नेऊन आणण्याचा. दिवा लागल्यावर इंजिन बंद न करण्याचा. आणि पुस्तिकेत लिहिलेलं कमी राखेचंच इंजिन ऑइल वापरण्याचा. ऑइलची राख जाळीत अडकते आणि ती जळत नाही. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा आणि मोकळा रस्ता कधीच नाही, अशी स्थिती असेल तर प्रश्न डिझेलच्या ब्रँडचा नाहीच; डिझेल गाडी घ्यायची का, हा आहे. तो बुकिंगच्या आधी विचारावा.

ठरवायचं कसं?

घर ते कंपनी या वाटेवरचे दोन वर्दळीचे, नीटनेटके पंप निवडा. एक नेहमीचा, एक अडीअडचणीचा. पाटी सरकारी की खाजगी, याची चिंता करू नका. दर पाहा, कारण खाजगी पंपांचा दर कधी कमी तर कधी बराच जास्त असतो. सहसा साधं बीएस-६ डिझेल भरा. दोन ब्रँड टाकीत एकत्र झाले तर काही बिघडत नाही. डिटर्जंटवालं डिझेल त्याच दरात मिळत असेल तर जरूर घ्या. जास्त पैसे मागत असतील आणि गाडी मुख्यतः शहरात, कमी वेगात, धक्के खात चालत असेल, तर अधूनमधून एखादी टाकी प्रीमियमची भरायला हरकत नाही. नोझल स्वच्छ राहायला तेवढा आधार पुरे. दुकानात मिळणाऱ्या बाटल्या टाकीत ओतण्याआधी पुस्तिका वाचा, बऱ्याच कंपन्या त्यांना मनाई करतात. डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला तर गाडी तशीच चालवत राहू नका.

आणि सोसायटीत कुणी अमुक कंपनीच्या डिझेलनं इंजेक्टर गेला असं सांगितलं, तर त्याला कंपनीचं नाव विचारू नका. पंप कुठला होता, तिथे गर्दी किती असते आणि गाडी रोज कुठून कुठे जाते, एवढं विचारा. त्याच्या गाडीचा आजार त्या तीन उत्तरांत सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.